बुरशी मेली तरी विष उरतं

कोंबडीच्या खाद्यातल्या बुरशीबद्दल पोल्ट्रीवाल्यांशी बोलताना एक गोष्ट आधी सांगावी लागते, आणि सांगून झाल्यावरही पुन्हा पुन्हा सांगावी लागते. बुरशी वेगळी आणि बुरशीचं विष वेगळं. बुरशी हा जीव आहे. तिला ओल लागते, ऊब लागते, हवा लागते. त्यातलं काही काढून घेतलं की ती थांबते, सुकते, मरते. विष हा जीव नाही. ते एक रसायन आहे. बुरशीनं ते दाण्यात सोडलं की त्याला पुढं बुरशीची गरज उरत नाही. मका मागाहून वाळवा, दळा, तापवा. बुरशी जाईल, विष तिथंच राहील. साप मारला म्हणून अंगात भिनलेलं विष उतरत नाही, तसंच हे आहे.

हा फरक पहिल्यांदा कळला तोही एका मोठ्या नुकसानीतून. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं पटापट मरू लागली. काही महिन्यांत लाखभर पिल्लं गेली. बदकांची आणि फेझंटची पिल्लंही गेली. जंतू सापडेना, विषाणू सापडेना, म्हणून त्या रोगाचं नाव ‘टर्की एक्स’ असंच राहिलं. शेवटी धागा खाद्यापाशी जुळला. मर झालेल्या कळपांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड होती. पेंड म्हणजे तेल काढताना दाबलेला, तापलेला, दळलेला माल. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात बुरशीचे तंतू दिसत होते, पण विष करणारी बुरशी कोणती हे पक्कं करायला वेगळे शेंगदाणे लागले. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी हाती आली आणि तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हटलं गेलं. अतिनील प्रकाशात त्याचा एक गट निळा चमकतो, दुसरा हिरवा. त्यावरून ‘बी’ आणि ‘जी’ ही अक्षरं आली. कोंबडीपालनात आपण ज्याची धास्ती घेतो ते बहुतेक वेळा ‘अफ्लाटॉक्सिन बी-१’ असतं. त्या पिल्लांना मारायला जिवंत बुरशीची गरज पडली नव्हती, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आपण मात्र अजून डोळ्यांवर आणि नाकावर विसंबून असतो. मका ओंजळीत घ्यायचा, वास घ्यायचा, दोन दाणे दाताखाली फोडायचे, हिरवट पूड दिसली तर गोणी बाजूला काढायची. ही पारख टाकाऊ नाही. बुरशी दिसते तो माल घेऊ नये, हे खरंच आहे. चूक होते ती उलटा अर्थ काढताना: स्वच्छ दिसतो, म्हणजे निर्धोक आहे. भिजलेला मका चार दिवस ढिगात तापला आणि मग उन्हात पसरून, चाळून, पुन्हा गोणीत भरला, तर तो दिसायला चांगलाच दिसतो. बुरशीची पूड चाळणीतून खाली गेलेली असते, वास वाऱ्यानं नेलेला असतो. दाण्याच्या आत जे उतरलं ते मात्र उतरलेलंच असतं. दुसऱ्या बाजूनं, प्रत्येक बुरशी विष करते असंही नाही. फ्लेव्हसचेसुद्धा काही वाण विष करतच नाहीत. म्हणजे बुरशी दिसणं हा विषाचा पुरावा नव्हे आणि न दिसणं ही सुटका नव्हे.

उष्णतेबद्दलचा गैरसमज याच घरातला. खाद्य पेलेट करताना वाफ देतात, ऐंशी-पंचाऐंशी अंशांपर्यंत तापमान जातं. त्यानं साल्मोनेलासारखे जंतू कमी होतात, बुरशीही बरीच मरते. अफ्लाटॉक्सिन विघटन पावायला अडीचशे अंशांच्या वरचं तापमान लागतं. तेवढ्या उष्णतेत खाद्याचा कोळसा होईल. तीच कथा बुरशीरोधक आम्लांची. प्रोपियॉनिक आम्ल किंवा कॅल्शियम प्रोपियोनेट खाद्यात मिसळलं की बुरशी वाढत नाही. पावसाळ्यात त्याचा उपयोग मोठा आहे आणि ते वापरावं. पण ते पुढची वाढ रोखतं. आधी तयार झालेल्या विषाला ते हात लावत नाही. ‘आम्ल घातलंय, आता काळजी नाही’ हे वाक्य मका आत घेतानाच विषारी असेल तर अगदी निरर्थक आहे.

मग तपासणी. इथं थोडं आकड्यांत शिरावं लागेल, कारण या विषाचं खरं रूप आकड्यांतच दिसतं. भारतीय मानक ब्यूरोच्या कोंबडीखाद्याच्या मानकात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा २० पीपीबी आहे. म्हणजे एका टन खाद्यात २० मिलिग्रॅम. ही चिमूट टनभर मालात सारखी पसरलेली असती तर गोणीच्या तोंडातून मूठभर मका काढून प्रयोगशाळेत पाठवणं पुरलं असतं. ती तशी पसरलेली नसते. बुरशी एखाद्या कणसाच्या टोकाला लागते, किडीनं पोखरलेल्या चार दाण्यांत शिरते, ट्रकच्या एका भिजलेल्या कोपऱ्यात वाढते. मक्याच्या एकट्या दाण्यात चार लाख पीपीबीपर्यंत अफ्लाटॉक्सिन आढळलेलं आहे. आता हिशेब करा. दाणा साधारण ०.३ ग्रॅमचा धरला तर टनात तेहतीस लाखांच्या आसपास दाणे येतात. इतका विषारी दाणा एकटा ०.१२ मिलिग्रॅम विष बाळगतो. म्हणजे तेहतीस लाखांपैकी पावणेदोनशेच्याही आत दाणे असे निघाले की अख्खा टन मर्यादेपर्यंत पोहोचतो. बाकीचे सगळे निर्मळ असले तरी.

म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल ‘५ पीपीबी’ म्हणाला तर तो त्या पुडीतल्या मक्याबद्दल बोलतो, ट्रकबद्दल नाही. यंत्राची चूक लहान असते. नमुना काढण्यातली चूक प्रचंड असते. वरच्या दोन गोण्यांतून मूठमूठ काढलेला नमुना पाठवण्यापेक्षा न पाठवलेला बरा, असं मी म्हणेन, कारण तो खोटा दिलासा देतो. ट्रक रिकामा होत असताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वरून-खालून-मधून, पोकळ सळई खुपसून अनेक ठिकाणचा थोडाथोडा मका काढायचा, तो सगळा मिळून पाच-सहा किलो तरी व्हावा, तो सगळाच्या सगळा बारीक दळायचा, मिसळायचा आणि त्यातून तपासणीचा भाग काढायचा. दाणे अख्खे असताना वाटणी केली की विषारी दाणा या ढिगात आला की त्या ढिगात, यावर निकाल ठरतो. झटपट पट्ट्या, एलायझा किट, मोठ्या प्रयोगशाळांतली एचपीएलसी यंत्रं ही साधनं आज मिळतात. साधनांपेक्षा नमुन्याला अर्धा तास देण्याची तयारी दुर्मीळ आहे. आणि त्याच नमुन्याची एक पुडी तारीख, गाडी क्रमांक घालून कोरड्या जागी राखून ठेवावी. सहा आठवड्यांनी शेडमध्ये काही बिघडलं तर मागं वळून पाहायला तेवढंच असतं.

शेडमध्ये काय बिघडतं तेही सरळ दिसत नाही. अफ्लाटॉक्सिनचं घर यकृत. यकृत त्याला निकामी करायला जातं आणि त्या धडपडीत आधी त्याचं अधिक घातक रूप तयार होतं. ते पेशींच्या डीएनएला आणि प्रथिनांना चिकटतं. ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य पुरेसं असेल तर ते त्याला बांधून बाहेर काढतं. बदक आणि टर्की या बाबतीत फार दुबळे, कोंबडी त्या मानानं चिवट. मोठ्या पक्ष्यापेक्षा पिल्लू दुबळं. मोठी मात्रा गेली तर यकृत सुजून पिवळं, ठिसूळ होतं आणि पक्षी मरतात. ते निदान शवविच्छेदनात कळतं. नेहमी घडतं ते मात्र याहून हळू. खाद्य तितकंच खपतं, वजन तितकं भरत नाही. तुरे फिके पडतात. लेयरची अंडी लहान होतात, संख्या दोन-चार टक्क्यांनी उतरते. कत्तलखान्यात मांसावर रक्ताचे डाग दिसतात, कारण रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतातच बनतात. आणि प्रतिकारशक्ती ढासळते. मानमोडीची लस वेळेवर दिलेली, गंबोरोची दिलेली, तरी रोग येतो.

मग दोष कुणाला जातो? लसीला, पिल्लं देणाऱ्या हॅचरीला, उन्हाळ्याला, पाण्याला, कामगाराला. लस बदलतात, प्रतिजैविकं देतात, पाण्यात टॉनिक सोडतात. पक्षी तेच खाद्य खात राहतात. लस म्हणजे शरीराला दिलेलं शिक्षण. ते घेणारी यंत्रणाच आजारी असेल तर लसीचा काय दोष? हा खर्च कुठल्याही वहीत ‘बुरशीचं विष’ या नावानं लिहिला जात नाही, म्हणून तो कमी वाटतो. वारंवार फसणाऱ्या लसीमागं खाद्याची तपासणी करून घेणं ही माझ्या मते पहिली पायरी असायला हवी. आज ती शेवटची असते.

अफ्लाटॉक्सिन एकटंही नसतं. ओक्राटॉक्सिन मूत्रपिंडाला धरतं: विष्ठा पातळ, तूस ओलं, अंड्याचं कवच पातळ आणि डागाळलेलं, पिल्लांत गाऊट. थंड हवेत वाढणाऱ्या फ्युझेरियम बुरशीचं टी-२ तोंडात चट्टे पाडतं, पक्षी खाद्य टाकून देतात. दोन-तीन विषं थोडीथोडी एकत्र आली की त्यांचा परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होऊ शकतो. प्रत्येक आकडा मर्यादेच्या आत आणि पक्षी तरीही आजारी, असं त्यामुळं घडतं.

आता टॉक्सिन बाइंडर. या शब्दानं आपल्या पोल्ट्रीत जवळजवळ ताविजाची जागा घेतली आहे, म्हणून त्याच्याशी न्यायानं वागलं पाहिजे. बाइंडर खोटा नाही. बेंटोनाइटच्या जातीच्या मातीला अतिबारीक थर असतात. अफ्लाटॉक्सिनचा रेणू चपटा असतो आणि तो त्या थरांत जाऊन पक्का बसतो. पक्ष्याच्या आतड्यात हे घडलं की विष रक्तात न जाता विष्ठेतून बाहेर पडतं. १९८० च्या दशकात टेक्सासमध्ये अशा मातीवर झालेल्या कामातून हे नीट सिद्ध झालं, आणि टनाला पाच किलोच्या मात्रेत पिल्लांचं नुकसान बरंच कमी होतं हे दिसलं. पण ज्या कारणानं माती अफ्लाटॉक्सिनला धरते, त्याच कारणानं ती टी-२ ला जवळपास धरतच नाही. त्याचा रेणू वेगळ्या घडणीचा. ओक्राटॉक्सिनवरही तिचा असर तोकडा. यीस्टच्या पेशीभित्तिका, विशिष्ट विष तोडणारी विकरं यांचा उपयोग आहे, पण प्रत्येकाचा आपापल्या विषापुरता. म्हणून कुठलं विष आहे हे माहीत नसताना बाइंडर घालणं म्हणजे अंदाजानं औषध देणं. शिवाय टनाला पाच किलोच्या अनुभवावर उभी राहिलेली माती टनाला एक किलो घालून तेवढंच काम करील, अशी अपेक्षा करू नये. डॉक्टर पिल्लांच्या यकृताला आधार म्हणून मिथिओनिन, कोलीन, ई जीवनसत्त्व, सेलेनियम वाढवायला सांगतात. तेही योग्य आहे. पण खाद्य तेच ठेवून हे सगळं करणं योग्य नाही. पहिला उपाय खाद्य बदलणं हाच.

बुरशीचं विष काढता येत नसेल, तर ते होऊ न देणं एवढाच मार्ग राहतो, आणि तो मार्ग पोल्ट्रीच्या फाटकाबाहेर सुरू होतो. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो. महाराष्ट्रातला खरिपाचा मका सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरात काढणीला येतो आणि नेमका तेव्हा परतीचा पाऊस गाठतो. त्याआधी ऑगस्टात पावसानं ताण दिलेला असेल तर उष्णतेनं आणि कोरडेपणानं कणसं दुबळी होऊन बुरशी उभ्या पिकातच शिरते. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडं आली. कणसाला अळीनं पाडलेलं प्रत्येक भोक बुरशीला दार असतं. त्यात मळणीत फुटलेले दाणे. अखंड दाण्याचं टरफल हे त्याचं चिलखत असतं; फुटलेल्या दाण्याला ते नसतं. म्हणून साध्या चाळणीनं भुगा आणि फुटके दाणे वेगळे काढले तरी विषाचा बराच वाटा त्याबरोबर निघून जातो. इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी काम दुसरं नाही.

पण सगळ्यात निर्णायक गोष्ट म्हणजे ओलावा. काढणीला मका वीस-पंचवीस टक्के ओला असतो. साठवायला तो बारा-तेरा टक्क्यांवर यायला हवा. या दोन आकड्यांमधले दिवस हे सगळं ठरवतात. मका शेवटी वाळला का, यापेक्षा किती दिवसांत वाळला, हे महत्त्वाचं. दहा दिवस ताडपत्रीखाली वाफत राहून मग बारा टक्क्यांवर आलेला मका आणि दोन दिवसांत वाळून बारावर आलेला मका, मॉइश्चर मीटरवर दोघांचा आकडा एकच दिसेल.

शेतकऱ्यानं लगेच वाळवावा, असं म्हणणं सोपं आहे. त्याच्या बाजूनं हिशेब मांडू. वीस टक्के ओलाव्याचा एक टन मका बारावर आणला की ९०९ किलो उरतो. म्हणजे वजनात ९१ किलो गेले. वाळलेल्या मक्याला किलोमागं दहा टक्के जास्त भाव मिळाला तर तो केवळ जागेवर राहतो; मजुरी, ताडपत्री, पावसाची जोखीम वेगळीच. मोंढ्यावर एवढा फरक मिळत नसेल आणि समोर दिवाळी, रब्बीचं बियाणं असेल, तर तो ओलाच विकणार. त्याला अडाणी म्हणणं अन्याय आहे. बाजारानं त्याला तेच शिकवलं आहे. खाद्य कारखाने आणि मोठे पोल्ट्रीवाले बाइंडरवर वर्षभर जो पैसा घालतात त्यातला काही भाग खरेदीच्या जागी ड्रायर उभारण्यात आणि कोरड्या मक्याला खरा जास्तीचा भाव देण्यात गेला, तर तो अधिक कामी येईल, याबद्दल मला शंका नाही.

कोरडा मका घेतल्यावर तो कोरडा ठेवणं हे मग पोल्ट्रीवाल्याचं काम. गोण्या जमिनीला टेकू नयेत, भिंतीला चिकटू नयेत, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. कमी ठाऊक आहे ते हे की पाणी बाहेरूनच यावं लागतं असं नाही. पत्र्याच्या सायलोत दिवसा ऊन, रात्री गारवा. उबदार धान्यातली वाफ वर चढते आणि गार पत्र्याखाली थेंब होऊन बसते. सरासरी ओलावा बारा टक्के असतानाही वरचा थर भिजतो, गोळे बनतात. ते गोळे फोडून खाद्यात ढकलायचे नसतात, फेकायचे असतात. सायलो, ऑगर, खाद्याची भांडी यांच्या कोपऱ्यांत चिकटलेलं जुनं खाद्य हे नव्या खाद्याचं विरजण ठरतं. पावसाळ्यात दळलेलं खाद्य आठवड्याभरात संपेल एवढंच करावं. दळताना दाण्याचं चिलखत आपणच काढून टाकलेलं असतं.

एक नवी गोष्ट अलीकडं जोडली गेली आहे. २०२३-२४ पासून देशात मक्यापासून इथेनॉल मोठ्या प्रमाणात होऊ लागलं आणि त्याचा उरलेला चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, खाद्यात स्वस्त प्रथिन म्हणून येतो. मक्यातल्या स्टार्चची दारू आणि वायू झाला की जवळपास तिसरा हिस्सा माल उरतो. किण्वनानं विष जात नाही. ते सगळं त्या तिसऱ्या हिश्शात जमतं. १५ पीपीबीचा मका आत गेला तर चोथा ४५ च्या घरात निघू शकतो. डीडीजीएस वाईट नाही. पण तो मक्याच्या अहवालावर घेऊ नये, त्याचा स्वतःचा अहवाल मागावा, आणि पिल्लांच्या खाद्यात त्याचं प्रमाण हात राखून ठेवावं.

नापास झालेल्या मक्याचं पुढं काय होतं, हा प्रश्न या विषयावरच्या बैठकांत टाळला जातो. कारखान्यानं ट्रक परत पाठवला की त्याच्या वहीपुरता प्रश्न मिटतो. ट्रक मात्र कुठंतरी रिकामा होतो. कमी तपासणाऱ्या गिरणीत, चांगल्या मक्यात थोडा थोडा मिसळून, किंवा गावच्या बाजारात पडत्या भावानं. अंड्यातून आणि मांसातून अफ्लाटॉक्सिन माणसापर्यंत फार कमी पोहोचतं. कोंबडी तिच्या यकृताची किंमत मोजून आपल्याला वाचवते. मका थेट माणसानं खाल्ला तर मध्ये कुणी नसतं. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. दोनशेहून अधिक गावांत ३९७ माणसांना कावीळ, पोटात पाणी अशी लक्षणं झाली, त्यातली १०६ दगावली. त्या घरांतली कुत्रीही मेली. हा पट्टा आपल्या नंदुरबार-धुळ्यापासून फार दूर नाही, आणि तिथंही मक्याची भाकरी खाल्ली जाते. म्हणून ट्रक नापास करताना त्याच्या नमुन्याचा आकडा विकणाऱ्याला लेखी द्यावा आणि फार वर गेलेला लॉट खाद्याच्या बाजारातूनच काढून जळणाला किंवा खताला लावायची सोय बाजार समित्या, खाद्य कारखाने आणि सरकार यांनी मिळून करावी. शेतकऱ्याला त्याचा काही मोबदलाही द्यावा. नाहीतर तो लॉट पुन्हा तोलकाट्यावर येणारच.